परदेशप्रवासात भ्रमणध्वनी : अल्प खर्चाचे मार्ग

प्रास्ताविक

मुंबई, दिल्ली, चेन्नई किंवा कोलकाता येथून निघालेले विमान परदेशच्या भूमीवर उतरले, की प्रवासी प्रथम आपला भ्रमणध्वनी सुरू करतो. काही क्षण यंत्रावर 'सेवा नाही' अशी सूचना दिसते. नंतर एखाद्या अपरिचित कंपनीचे नाव पडद्यावर उमटते आणि पाठोपाठ स्वागताचा लघुसंदेश येतो. एका मिनिटाच्या संभाषणास किती आकार पडेल व एका मेगाबाइट डेटास किती, हेही बहुधा त्या संदेशात सांगितलेले असते. पुष्कळ प्रवासी तो न वाचताच पुसून टाकतात आणि घरी परतल्यावर बिल हाती पडताच चकित होतात.

हा खर्च सर्वांनाच क्षुल्लक असतो असे नाही. कर्ज काढून मुलीला परदेशी शिकावयास पाठविणारे कुटुंब, आखाती देशात नोकरीसाठी प्रथमच जाणारा कारागीर, मुलाच्या घरी सहा महिने राहण्यास निघालेले वृद्ध दांपत्य, यांना काही हजार रुपयांचा अनपेक्षित भुर्दंड जाणवल्यावाचून राहत नाही. उलट खर्चाच्या धास्तीने यंत्र सर्वस्वी बंद ठेवावे, तर बँकेचा संकेतांक मिळत नाही, रस्ता चुकल्यास विचारता येत नाही आणि आजारपणात मदतही मागता येत नाही. यास्तव अल्प खर्चात, परंतु निर्धास्तपणे, परदेशात भ्रमणध्वनी कसा वापरावा हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कंपनीची योजना स्वस्त, एवढ्याने संपत नाही. योजना आणि दर वरचेवर बदलतात. त्यांच्या बुडाशी असलेले तंत्र मात्र सहसा बदलत नाही. ते तंत्र एकदा समजले, म्हणजे कोणत्याही देशात व कोणत्याही काळी योग्य योजना आपली आपणास निवडता येते.

सिम : ग्राहकाचे ओळखपत्र

भ्रमणध्वनीशी दोन वेगवेगळ्या ओळखी निगडित असतात. पहिली ओळख यंत्राची. प्रत्येक यंत्रास एक १५ अंकी क्रमांक दिलेला असतो. यंत्रावर *#०६# ही चिन्हे दाबली असता तो पडद्यावर दिसतो. दुसरी ओळख ग्राहकाची. ती यंत्रात नसून 'सिम' या लहानशा पत्रिकेत साठविलेली असते.

सिममधील ग्राहकक्रमांकही अधिकात अधिक १५ अंकांचा असतो. आपण लोकांना सांगतो तो दूरध्वनी क्रमांक हा नव्हे. या क्रमांकाचे पहिले ३ अंक देश दर्शवितात. भारतीय सिमचा आरंभ ४०४ किंवा ४०५ ने होतो. जर्मनीचा २६२ ने, संयुक्त अरब अमिरातीचा ४२४ ने, तर जपानचा ४४० ने. त्यांपुढील २ किंवा ३ अंक कंपनी दर्शवितात आणि उरलेले अंक त्या कंपनीचा विशिष्ट ग्राहक दर्शवितात. त्यामुळे यंत्राने आपला क्रमांक कळविताच परदेशातील मनोऱ्यामागील संगणकास हे भारतातील अमुक कंपनीचे ग्राहक आहेत, हे तत्काळ समजते.

परंतु केवळ क्रमांक सांगितल्याने कोणी विश्वास ठेवीत नाही. क्रमांकाची चोरी होऊ शकते. यासाठी सिममध्ये एक गुप्त किल्ली ठेवलेली असते. तिची दुसरी प्रत फक्त मूळ कंपनीजवळ असते. परदेशातील कंपनी भारतातील कंपनीला विचारते. भारतातील कंपनी एक यदृच्छ संख्या आणि त्या संख्येचे अपेक्षित उत्तर पाठविते. ती संख्या सिमला दिली जाते. सिम आपल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने उत्तर काढते. दोन्ही उत्तरे जुळली, म्हणजे ग्राहक खरा ठरतो. विमानतळावरील त्या थोड्या क्षणांत हे सर्व घडत असते. यातील विशेष असा, की गुप्त किल्ली स्वतः कधीच प्रवास करीत नाही. परदेशातील कंपनीला ती कळतही नाही.

सिमचा आकार काळानुसार घटत गेला. १९९१ साली निघालेली पहिली सिमपत्रिका हल्लीच्या बँकेच्या कार्डाएवढी मोठी होती. आज प्रचारात असलेली सर्वांत लहान पत्रिका १२.३ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद असते. याच्याही पुढचे पाऊल म्हणजे 'ई-सिम'. यात पत्रिका काढावी-घालावी लागत नाही. यंत्रातच कायम बसविलेल्या लहानशा भागात कंपनीचा ग्राहकक्रमांक व किल्ली इंटरनेटद्वारे उतरवून घेता येतात.

पाहुण्या ग्राहकाची व्यवस्था

एका देशाचा ग्राहक दुसऱ्या देशाच्या जाळ्यावर बोलू शकतो, ही गोष्ट आज आपणास स्वाभाविक वाटते. पण ती आपोआप घडून आलेली नाही. १९८० च्या सुमारास युरोपातील देशांत परस्परांशी न जुळणाऱ्या निरनिराळ्या पद्धती होत्या. सीमा ओलांडताच यंत्र निरुपयोगी होई. १९८२ साली युरोपीय टपाल व तार प्रशासनांच्या परिषदेने एक समाईक पद्धती ठरविण्यासाठी अभ्यासगट नेमला. १९८७ साली कोपनहेगन येथे १३ देशांतील सेवासंस्थांनी ती पद्धती स्वीकारण्याचा करार केला. या पद्धतीवरील पहिले संभाषण १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी फिनलंड व ब्रिटन येथील दोन कंपन्यांनी एकमेकींच्या ग्राहकांना सेवा देण्याचा करार केला. भारतात भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले.

अशा करारान्वये मिळणाऱ्या सेवेस 'रोमिंग' म्हणतात. तीत ग्राहक एका कंपनीचा असतो आणि मनोरे दुसऱ्या कंपनीचे असतात. पहिलीस आपण 'स्वगृहीची कंपनी' व दुसरीस 'यजमान कंपनी' म्हणू. ग्राहक यजमान कंपनीला काहीच देत नाही. ती आपला हिशेब स्वगृहीच्या कंपनीकडे पाठविते. स्वगृहीची कंपनी तो चुकता करते आणि त्यात स्वतःचा आकार मिळवून ग्राहकाकडून वसूल करते. म्हणून रोमिंगमध्ये आपण दोन कंपन्यांचे ग्राहक असतो, दोघींनाही आपल्या पैशातून काही ना काही जाते.

येणाऱ्या फोनचेही पैसे का पडतात?

पुण्याचा एक गृहस्थ व भोपाळचा त्याचा मित्र पॅरिसला फिरावयास गेले आहेत, अशी कल्पना करू. दोघांच्या यंत्रांत भारतीय सिम आहे. आयफेल मनोऱ्यापाशी गर्दीत त्यांची चुकामूक झाली आणि पहिल्याने दुसऱ्यास फोन केला. दोघांमध्ये अंतर फार तर २०० मीटर; पण त्यांच्या बोलण्याचा मार्ग पाहा.

पहिल्याने +९१ ने आरंभ होणारा क्रमांक फिरविला. यजमान कंपनीने तो भारताचा म्हणून ओळखला व संभाषण भारताकडे धाडले. भारतातील कंपनीने आपल्या नोंदी पाहिल्या. तेथे हा ग्राहक सध्या फ्रान्समध्ये असल्याची नोंद होती. म्हणून तिने ते संभाषण पुन्हा फ्रान्सकडे पाठविले. याप्रमाणे २०० मीटरचे बोलणे दोन वेळा खंड ओलांडून आले. जाण्याच्या मार्गाचा आकार बोलावणाऱ्यावर पडला, परतीच्या मार्गाचा आकार उत्तर देणाऱ्यावर पडला.

उत्तर देणाऱ्यावर आकार का? त्याचे कारण न्याय्य आहे. हाच फोन भोपाळहून त्या मित्राच्या पत्नीच्या भावाने केला असता, तर मित्र फ्रान्समध्ये आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने भारतीय क्रमांक फिरविला. त्याने भारतातील दरानेच पैसे द्यावेत हे योग्य. त्यापुढील परदेशापर्यंतचा मार्ग ज्याच्या प्रवासामुळे आवश्यक झाला, त्यानेच त्याचा खर्च सोसावा, असा हा संकेत आहे. भारतात येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत म्हणून परदेशातही पडणार नाहीत, ही समजूत त्यामुळेच चुकीची ठरते.

डेटाचा मार्गही बहुधा असाच असतो. न्यूयॉर्कमध्ये बसून भारतीय सिमवर तेथीलच एखाद्या वृत्तपत्राचे पान उघडले, तर मागणी प्रथम मुंबईस येते, तेथून इंटरनेटवर जाऊन पुन्हा न्यूयॉर्कला पोहोचते. आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. मुंबई व न्यूयॉर्क यांतील अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. अशा चार फेऱ्या म्हणजे ५०,००० किलोमीटर. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर वेगाने जातो. म्हणून केवळ या प्रवासास पाव सेकंद लागतो. समुद्रतळावरील तारा सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात याहून अधिक वेळ जातो. रोमिंगवर पाने किंचित सावकाश उघडतात, त्याचे एक कारण हे होय.

दर ठरतो तो करारावर

येथे वाचक विचारील, की इतका मोठा वळसा पडत असल्याने रोमिंग महाग असणे अपरिहार्यच नव्हे काय? काही खर्च अधिक पडतो हे खरे. परंतु प्रत्यक्ष बिलातील फार मोठा भाग मार्गाच्या लांबीचा नसून दोन कंपन्यांमधील घाऊक दराचा आणि त्यावर चढविलेल्या किरकोळ दराचा असतो. युरोपाच्या अनुभवाने ही गोष्ट सिद्ध केली आहे.

युरोपीय संघाने २००७ साली कायदा करून रोमिंगमध्ये केलेल्या फोनला मिनिटास अधिकात अधिक ४९ सेंट व घेतलेल्या फोनला २४ सेंट अशी मर्यादा घातली, कर वेगळा. ती क्रमाने उतरवीत १५ जून २०१७ पासून संघातील देशांत फिरताना रोमिंगचा वेगळा आकार घेण्याचे बहुतांशी बंद केले. २०२२ साली हीच व्यवस्था २०३२ पर्यंत वाढविण्यात आली. कंपन्यांनी एकमेकींकडून घ्यावयाचा डेटाचा घाऊक दरही ठरविला गेला. २०२२ साली तो एका गिगाबाइटला २ युरो होता आणि २०२७ पर्यंत १ युरोवर आणण्याचे त्याच नियमात नमूद केले. मनोरे तेच, लहरी त्याच, सिमचे कार्यही तेच. बदलला तो करार.

यावरून आपणास एक सूत्र मिळते : परदेशातील खर्च अंतरावर किंवा यंत्राच्या किमतीवर ठरत नाही, आपले सिम त्या देशात पाहुणे आहे की घरचे, आणि पाहुणे असल्यास कोणत्या कराराने, यावर तो ठरतो. पुढील सर्व मार्ग या एकाच सूत्राची रूपे आहेत.

युरोपीय सवलत भारतीय सिमला लागू नाही, हे मात्र विसरू नये. ती संघातील २७ देश आणि नॉर्वे, आइसलंड व लिश्टेन्श्टाइन येथील सिमना लागू आहे. म्हणून फ्रान्समध्ये घेतलेले सिम इटलीत वा ऑस्ट्रियातही रास्त वापराच्या मर्यादेत चालते. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत नाही. ब्रिटनने संघ सोडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून तेथेही ही हमी उरली नाही. युरोपची फेरी आखताना या दोन देशांची चौकशी वेगळी करावी.

चार मार्ग

पहिला मार्ग : भारतीय सिमवर रोमिंगची योजना. निघण्यापूर्वी ठरावीक दिवसांसाठी ठरावीक मिनिटे व डेटा यांचे मूल्य आगाऊ भरावयाचे. क्रमांक तोच राहतो. काही शिकावे लागत नाही. थोड्या दिवसांच्या प्रवासास, तसेच ज्यांना यंत्रातील बदल त्रासदायक वाटतात अशा वृद्धांस हा मार्ग सोयीचा आहे. तीन गोष्टी मात्र वाचून घ्याव्यात : जावयाचा देश योजनेत आहे काय, 'दिवस' कोणत्या वेळेपासून मोजतात, आणि मर्यादा संपल्यावर सेवा थांबते की मोठ्या दराने चालू राहते. योजना न घेता रोमिंग सुरू ठेवणे हा सर्वांत महागडा प्रकार होय.

दुसरा मार्ग : त्या देशाचे स्थानिक सिम. येथे आपण पाहुणे न राहता घरचे होतो. दोन-तीन आठवड्यांहून अधिक मुक्काम असल्यास बहुधा हाच मार्ग सर्वांत स्वस्त पडतो, आणि विद्यार्थी व नोकरदार यांना तर तो अनिवार्यच आहे. कारण घरमालक, बँक व विद्यापीठ यांना स्थानिक क्रमांक हवा असतो. अनेक देशांत पारपत्र दाखवून नोंदणी करावी लागते. जर्मनीत २०१७ पासून ओळख पटविल्याखेरीज आगाऊ भरण्याचे सिमही सुरू करीत नाहीत. विमानतळावरील दुकानापेक्षा शहरातील दुकानात दर पुष्कळदा कमी असतो. भारतातील नातलगांशी सामान्य फोनवर बोलल्यास आंतरराष्ट्रीय दर पडतो; म्हणून त्यासाठी इंटरनेटवरील संभाषणाचा उपयोग करावा.

तिसरा मार्ग : प्रवासी ई-सिम. काही कंपन्या निरनिराळ्या देशांतील डेटा घाऊक दराने घेऊन तो प्रवाशांना लहान भागांत विकतात. घरबसल्या पैसे भरावयाचे, पाठविलेले चौकोनी चित्र यंत्राने वाचावयाचे, की सिम तयार. अनेक देश अल्पावधीत पाहणाऱ्यास हा मार्ग उपयुक्त आहे. तांत्रिक दृष्टीने हे सिम पुष्कळदा तिसऱ्याच देशाचे असते; म्हणजे तेही पाहुणेच, परंतु चांगल्या कराराचे पाहुणे. त्यांपैकी अनेकांत केवळ डेटा मिळतो, दूरध्वनी क्रमांक मिळत नाही. एकदा उतरविलेले ई-सिम चुकून पुसले, तर ते पुन्हा उतरविता येईलच असे नाही, याची जाणीव ठेवावी.

चौथा मार्ग : केवळ वाय-फाय. निवासस्थान, ग्रंथालय, उपाहारगृह, रेल्वेस्थानक येथील वाय-फायवर भागवावयाचे व बाहेर पडताना डेटा बंद ठेवावयाचा. सर्वांत कमी खर्चाचा, पण अडचणीच्या वेळी दगा देणारा हा मार्ग आहे. काही विमानतळांवर वाय-फायसाठीच लघुसंदेशाने संकेतांक पाठवितात. जवळ चालू क्रमांक नसल्यास तोही मिळत नाही. तसेच संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या इंटरनेट-संभाषण सेवांवर निर्बंध आहेत. तेथे जाणाऱ्याने कोणती सेवा चालते हे आधीच विचारून घ्यावे.

या मार्गांपैकी दोघांचा संयोग बहुतेकांना हितकर ठरतो. ज्या यंत्रात दोन सिम राहू शकतात त्यात भारतीय सिम ठेवावे, पण त्याचे डेटा-रोमिंग बंद करावे. डेटासाठी स्थानिक सिम अथवा ई-सिम वापरावे. याचे कारण पुढे येईलच.

थोडे गणित

कोणता मार्ग घ्यावा हे ठरविण्यास साधे अंकगणित पुरते. समजा, रोमिंगच्या योजनेस दिवसाला ६०० रुपये पडतात आणि स्थानिक सिम एकदाच २,४०० रुपयांस मिळते. २,४०० ला ६०० ने भागल्यास ४ येतात. म्हणून ४ दिवसांहून कमी प्रवासास रोमिंग व अधिक प्रवासास स्थानिक सिम स्वस्त. दोन दिवसांच्या परिषदेस जाणाऱ्याला रोमिंगचे १,२०० रुपये पडतील. दहा दिवस राहणाऱ्याला ६,००० रुपये पडतील. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रवाशाने त्यांच्या जागी त्या वेळचे प्रत्यक्ष दर घालावेत.

दुसरा प्रश्न, डेटा किती लागेल? इंटरनेटवरील संभाषणात प्रत्येक बाजूने सेकंदाला ४० किलोबिट जातात असे धरू. दोन्ही बाजू मिळून ८० किलोबिट. एका मिनिटात ४,८०० किलोबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ६०० किलोबाइट, अर्थात ०.६ मेगाबाइट. या हिशेबाने एका गिगाबाइटमध्ये सुमारे २८ तास बोलता येईल. उलट सेकंदाला २ मेगाबिट वेगाने चित्रपट पाहिला, तर एका तासातच ९०० मेगाबाइट खर्च होतील. म्हणजे रोज अर्धा तास घरी बोलणारा प्रवासी महिनाभर जेवढा डेटा वापरतो, त्याहून अधिक डेटा दोन तासांचा एक चित्रपट खातो. बोलणे महाग नाही; चित्रे महाग आहेत.

आपल्या नकळत होणारा खर्च याहूनही लक्षात घेण्यासारखा आहे. यंत्र छायाचित्रांच्या प्रती दूरच्या संगणकावर चढविते व आतील कार्यक्रमांच्या नव्या आवृत्त्या उतरविते. ही कामे फक्त वाय-फायवर व्हावीत अशी व्यवस्था निघण्यापूर्वी करावी. नकाशाही आधीच उतरवून घ्यावा. आपण कोठे आहोत हे यंत्रास उपग्रहांच्या संकेतांवरून समजते. ते संकेत यंत्र केवळ ग्रहण करते, त्यास डेटाची गरज नसते. नकाशा जवळ असल्यास डेटा सर्वस्वी बंद ठेवूनही मार्ग सापडतो.

यंत्र तेथे चालेल काय?

स्वस्त सिम घेतले आणि यंत्रच चालले नाही, तर सर्व व्यर्थ. भ्रमणध्वनी रेडिओ-लहरींवर चालतो आणि कोणत्या कंप्रतेच्या लहरी वापरावयाच्या हे प्रत्येक देश ठरवितो. कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या. ९०० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, तर ६०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची ५० सेंटिमीटर. भारतात व युरोपात ९०० व १८०० मेगाहर्ट्‌झचे पट्टे पूर्वीपासून रूढ आहेत. अमेरिकेत ८५० व १९०० चे, आणि अलीकडे ६०० व ७०० चेही. यंत्राच्या माहितीपत्रकात त्याचे पट्टे दिलेले असतात. ते जावयाच्या देशातील कंपनीच्या पट्ट्यांशी ताडून पाहावेत.

दुसरी अडचण पिढ्यांची. अनेक देशांनी जुन्या पिढ्यांची जाळी बंद केली आहेत. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी तिसऱ्या पिढीचे जाळे २०२२ साली बंद केले. सिंगापूर व ऑस्ट्रेलिया येथे ते २०२४ साली बंद झाले. अशा ठिकाणी बोलण्यासाठीही चौथ्या पिढीचे जाळे वापरणारे यंत्रच हवे. ऑस्ट्रेलियात तर आपत्कालीन क्रमांक या पद्धतीने लावू न शकणाऱ्या यंत्रांना जाळ्यावर घेतच नाहीत. आजी-आजोबांना सवयीचा असलेला जुना, बटणांचा, दुसऱ्या पिढीचा साधा फोन बरोबर देताना ही गोष्ट अवश्य तपासावी.

तिसरी गोष्ट कुलपाची. हप्त्याने घेतलेली काही यंत्रे एकाच कंपनीच्या सिमला बांधलेली असतात. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून व ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून अशी यंत्रे विकण्यास बंदी केली. सर्वत्र तसे नाही. निघण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहिले म्हणजे शंका फिटते.

काही सावधगिरी

भारतीय क्रमांक जिवंत ठेवावा. आपल्या बँका व्यवहाराच्या वेळी एकदाच वापरावयाचा संकेतांक नोंदविलेल्या क्रमांकावर लघुसंदेशाने पाठवितात. शुल्क भरण्याच्या अखेरच्या दिवशी तो क्रमांक बंद आढळला, तर खात्यात पैसे असूनही विद्यार्थ्याचा प्रवेश अडतो. म्हणून भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे व येणाऱ्या लघुसंदेशाचा दर विचारून ठेवावा. बहुधा त्यास आकार नसतो. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी काढून घेऊन दुसऱ्यास देऊ शकते. यासाठी घरच्या मंडळींनी वेळोवेळी आवश्यक ते मूल्य भरीत राहावे.

जहाज व विमान यांत दक्ष राहावे. किनारा दूर गेल्यावर यंत्र जहाजावरील लहान मनोऱ्याशी जोडले जाते व तेथून उपग्रहाद्वारे संभाषण जाते. युरोपातील सवलतही या सेवेस लागू नाही. अशा ठिकाणी यंत्र 'विमान अवस्थेत' ठेवून आवश्यक तर तेथील वाय-फाय वापरावे.

सीमेजवळ लहरी थांबत नाहीत. जिनिव्हासारख्या शहराजवळ फ्रान्समध्ये उभे असतानाही यंत्र स्वित्झर्लंडचा मनोरा पकडू शकते. सीमाभागात यंत्राने कंपनी आपोआप निवडण्याऐवजी आपण स्वतः निवडावी.

आपत्कालीन क्रमांक पाठ करावा. युरोपीय संघात व भारतात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० व अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांसाठी ११९. सिम नसतानाही ११२ लागतोच असे धरून चालू नये; जर्मनीने २००९ पासून ती सोय बंद केली आहे. भारतीय दूतावासाचा, निवासस्थानाचा व एका नातलगाचा क्रमांक कागदावर लिहून पारपत्रासोबत ठेवावा. यंत्र हरवले म्हणजे तो कागदच उपयोगी पडतो.

उपसंहार

विमानतळावर स्वागताचा लघुसंदेश वाजतो, त्या क्षणी आपल्या सिमने एका परक्या जाळ्यात पाहुणा म्हणून प्रवेश केलेला असतो. हा पाहुणचार कोणत्या कराराने चालला आहे हे ज्यास ठाऊक आहे, त्यास बिलाची भीती उरत नाही. अल्प मुक्कामास आगाऊ योजना, दीर्घ मुक्कामास स्थानिक सिम, अनेक देशांच्या फेरीस ई-सिम, आणि प्रत्येक प्रसंगी जिवंत भारतीय क्रमांक, एवढी व्यवस्था घरून निघण्यापूर्वी अर्ध्या तासात होते. त्या अर्ध्या तासाने पैसा तर वाचतोच. परंतु दूरदेशी गेलेल्या माणसाचा आवाज घरी वेळेवर पोहोचतो, हा त्याहून मोठा लाभ होय.

स्वाध्याय

१. मुंबई व लंडन यांतील अंतर ७,२०० किलोमीटर धरून, लंडनमध्ये भारतीय सिमवर तेथीलच पान उघडण्यास केवळ मार्गामुळे किती वेळ लागेल ते काढा. (उत्तर : ०.१४४ सेकंद)

२. रोमिंगची योजना दिवसाला ५०० रुपये व स्थानिक सिम ३,००० रुपये असल्यास किती दिवसांच्या मुक्कामास दोन्हींचा खर्च समान होईल? (उत्तर : ६ दिवस)

३. सिममधील गुप्त किल्ली यजमान कंपनीला न सांगता ग्राहकाची ओळख कशी पटते, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. आपल्या घरातील यंत्राचे माहितीपत्रक पाहून ते कोणकोणत्या पट्ट्यांवर चालते याची यादी करा आणि त्यांपैकी एका पट्ट्याच्या लहरीची लांबी काढा. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर धरावा.